मीटर नावाचे गृहस्थ

घरात कोण कोण असतं म्हणून विचारलं, तर आपण आजी, आईवडील, मुलं, झालंच तर मांजर मोजतो. जिन्याखाली, पॅसेजच्या तोंडाशी किंवा बिल्डिंगच्या तळमजल्यावर जाळीच्या दाराआड राहणारे एक गृहस्थ मोजायचे राहतात. त्यांना कुणी चहा विचारत नाही. दसऱ्याला झेंडूचं फूल वाट्याला आलं तर आलं. महिनाभर त्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही आणि बिल आलं की सगळं घर एकदम त्यांच्यावर घसरतं. ‘मीटर पळतंय’, ‘मीटरमध्येच काहीतरी गडबड आहे’, ‘हे नवीन मीटर बसवलं तेव्हापासूनच सुरू झालं बघा.’ गृहस्थ ऐकून घेतात. उलट उत्तर देणं त्यांच्या स्वभावात नाही.

स्वभाव मात्र त्यांना आहे, आणि तो ओळखला तर बिलाशी चाललेलं निम्मं भांडण मिटतं.

आधी रूप सांगतो. जुन्या पिढीतल्या मीटरचा रुबाब काही वेगळाच होता. अंगात काळा कोट, तोही बटणं लावून गच्च बंद केलेला, कारण दोन्ही बाजूंना तारेत ओवलेली शिशाची सीलं. समोर काच. काचेआड ॲल्युमिनियमची एक चकती आडवी फिरत असायची, तिच्या कडेवर एक खूण. वर आकड्यांची खिडकी, तिच्यात शेवटचा आकडा लाल. तो दशांशाचा, बिलात न धरण्याचा. शेजारी लाकडी फळीवर चिनी मातीचे फ्यूज, एक मेन स्विच आणि वर कोळ्याचं जाळं. एवढ्या संसारात या गृहस्थांनी तीस-तीस वर्षं काढली.

आतली रचना साधी आणि मोठी हुशारीची. दोन कॉइल असत. एक विजेचा दाब पाहणारी, दुसरी घराकडे जाणारा सगळा प्रवाह आपल्या अंगातून जाऊ देणारी. दोघींच्या चुंबकी प्रभावाने चकतीच्या पातळ पत्र्यात प्रवाहांचे छोटे छोटे भोवरे उठत आणि चकती फिरू लागे. घरात वापर वाढला की वेग वाढला. पलीकडे एक कायमचा चुंबक तिला लगाम लावायला बसवलेला, त्यामुळे वापर थांबला की तीही थांबायची, उगीच गिरक्या घेत राहायची नाही. दर्शनी पट्टीवर लिहिलेलं असे की किती फेरे झाले म्हणजे एक युनिट. आमच्या साताऱ्याच्या घरातल्या मीटरवर सहाशे फेरे लिहिलेले होते.

आमच्या वडिलांचं या गृहस्थांशी चांगलं जमायचं. दर महिन्याच्या एक तारखेला संध्याकाळी ते बॅटरी घेऊन जिन्याखाली वाकायचे, चष्मा कपाळावर सरकवून आकडा मोठ्याने वाचायचे आणि आई तो भिंतीवरच्या कालनिर्णयात लिहायची. त्या चौकटीत आधीच दाटीवाटी असायची. दुधाचे खाडे तिथे, गॅसची टाकी लावल्याची तारीख तिथे, भिशीचा हप्ता तिथे. त्यातच कोपऱ्यात मीटरचं रीडिंग.

आजीचा राग झिरोच्या दिव्यावर. रात्रभर जळतो, बिल त्याच्यामुळे येतं, असं तिचं ठाम मत. एका संध्याकाळी वडिलांनी तिची आणि मीटरची समोरासमोर गाठ घालून दिली. घरातलं एकूणएक बंद केलं, फक्त झिरोचा दिवा चालू ठेवला आणि चकतीवरची खूण फिरून समोर यायला किती वेळ लागतो ते पाहायला मला घड्याळ देऊन बसवलं. झिरोचा दिवा नावालाच झिरो. जुना काचेचा दिवा पंधरा वॅट खायचा. खूण निघून गेली ती बराच वेळ परत येईना. आजी जिन्याच्या पायरीवर बसली, तिचं अर्धं स्तोत्र म्हणून झालं. पावणेसात मिनिटांच्या आसपास खूण समोर आली. मग वडिलांनी दिवा मालवला आणि दोन हजार वॅटचा गीझर लावला. चकतीला एकदम अवसान आलं. तीन सेकंदांत खूण हजर, पुन्हा तीन सेकंदांत हजर. आजी उठून काचेपाशी गेली. ‘अगं बया,’ ती म्हणाली, ‘हे तर वारं प्यायल्यावाणी पळतंय की!’ झिरोच्या दिव्याला त्या दिवसापासून घरात अभय मिळालं.

या गृहस्थांना एकच विद्या येते, ती म्हणजे गुणाकार. किती वॅट आणि किती तास, एवढे दोनच प्रश्न. हजार वॅटची वस्तू तासभर चालली की एक युनिट. शंभर वॅटची दहा तास चालली तरी एकच युनिट. वीज देवघरात खर्च झाली की टीव्हीपुढे, परीक्षेच्या अभ्यासाला की पत्त्यांच्या डावाला, याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. आपण माणसं मात्र विजेच्या बाबतीत नीतीने विचार करतो. दिसणारा दिवा डोळ्यात खुपतो, म्हणून त्याच्यावरून मुलांना बोलतो. ऐकू न येणारा, भिंतीआड तापणारा गीझर नजरेआड असतो, म्हणून तो सज्जन. गृहस्थांच्या वहीत हा हिशेब बरोबर उलटा लिहिलेला असतो.

बादलीचंच पाहा. वीस लिटर पाणी हिवाळ्यात वीस अंशांवरून चाळीस अंशांवर न्यायचं, तर जवळजवळ अर्धा युनिट लागतो. हे भौतिकशास्त्र आहे, त्यात कुठल्याही कंपनीच्या गीझरला सूट नाही. तेवढ्याच विजेत नऊ वॅटचा एलईडी दिवा दोन दिवस आणि दोन रात्री अखंड जळेल. म्हणजे चार माणसांच्या घरात रोज चार बादल्या धरल्या तर महिन्याला साठच्या आसपास युनिट नुसत्या आंघोळीचे. शॉवरखाली गाणी म्हणणारं कुणी घरात असेल तर पुढचा हिशेब ज्याने त्याने करावा. आमच्याकडे पूर्वी तांब्याचा बंब होता. त्याला लाकडं, शेण्या, नारळाच्या करवंट्या असलं काहीही चालायचं. धूर व्हायचा, आईचे डोळे चुरचुरायचे, आणि ते दिवस परत यावेत असं तिला एकदाही वाटलेलं नाही. पण बंबाच्या काळात गरम पाणी मोजून मिळायचं. गीझर आला आणि मोजमाप सुटलं. आज छतावर जागा असेल तर सोलर हीटर हा बंबाचा खरा वारस. ते जमत नसेल तर गीझरचं बटण आंघोळीच्या वीसएक मिनिटं आधी लावावं, तापमानाची चकती शेवटपर्यंत पिळू नये आणि शेवटचा माणूस बाहेर आला की बंद करावं. पाणी कडकडीत तापवून त्यात तेवढंच गार पाणी ओतण्यात शहाणपण नाही.

तापवणाऱ्यांचं सगळं कुळच असं उतावळं. इस्त्री, इलेक्ट्रिक किटली, इंडक्शनची शेगडी, टोस्टर, ओव्हन. थोडा वेळ येतात आणि भरपूर घेऊन जातात. त्यांच्याशी वागायचं तर वेळ कमी करायचा. रोज सकाळी एक शर्ट इस्त्री करणाऱ्या घरात इस्त्री रोज नव्याने तापते. आठवड्याचे कपडे एका बैठकीला केले की एकदाच. शेवटचे दोन-तीन सुती रुमाल बटण बंद करूनही होतात. मिक्सरवर मात्र कुणी रागावू नये. त्याचा आवाज मोठा, वॅटही पाचशे-सातशे, पण चटणी दोन मिनिटांत होते. आवाजाचं बिल येत नाही.

दुसरं कुळ चिवट. थोडं थोडं घेणारं, पण उठायचं नाव न घेणारं. त्यांचा म्होरक्या पंखा. जुना छताचा पंखा पंचाहत्तर वॅटचा. दिवसरात्र मिळून सोळा तास चालला तर महिन्याला छत्तीस युनिट. बीएलडीसी मोटरचा नवा पंखा तेवढ्याच वाऱ्याला तीसएक वॅट घेतो, म्हणजे महिन्याला साडेचौदा युनिटच्या आत. एका पंख्यामागे वीसहून जास्त युनिट सुटले. हा पंखा महाग असतो, म्हणून सगळ्या खोल्यांतले एकदम बदलू नयेत; जो सर्वांत जास्त वेळ फिरतो तो आधी बदलावा. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा बदलून गृहस्थांना काही फरक पडत नाही. आणि भिंतीवर अजून तो मोठा चौकोनी जुना रेग्युलेटर असेल, तर त्याला आधी निरोप द्यावा. पंखा हळू केला की तो वाचलेली वीज स्वतः गरम होऊन संपवतो. हात लावून पाहिला की कळतं.

रात्री सगळे झोपतात तेव्हाही या गृहस्थांना झोप नसते. फ्रिज चालू असतो, ते बरोबरच आहे. पण टीव्ही रिमोटने बंद केलेला असतो, सेट-टॉप बॉक्स तांबडा डोळा लावून जागा असतो, कुणाचा तरी चार्जर भिंतीला लोंबकळत असतो. दहा वॅट म्हणजे काहीच नाही असं आपल्याला वाटतं. दहा वॅट चोवीस तास, तीस दिवस, म्हणजे सव्वासात युनिट. रिमोटने बंद केलेली वस्तू झोपलेली असते, बंद झालेली नसते. ती बंद व्हायला भिंतीवरचं बटण लागतं. फ्रिजच्या बाबतीत एक सोपी परीक्षा आहे. दारात दहाची नोट धरून दार लावावं. नोट अलगद निघून आली तर दाराचं रबर ढिलं झालंय आणि रात्रभर थंडावा बाहेर सांडतोय. रबर बदलायला फार पैसे पडत नाहीत. गरम आमटीचं पातेलं निवल्यावर आत ठेवावं आणि फ्रिज भिंतीला चिकटवू नये, हे आपल्या आया सांगतात ते खरं आहे. मागची उष्णता बाहेर पडायला जागा हवी.

एसी आल्यापासून गृहस्थांच्या आयुष्यात मे महिना वेगळा झाला. दीड टनी एसी भर जोरात असला की दीड हजार वॅटच्या घरात जातो, आणि तो तापवणाऱ्यांचा उतावळेपणा व पंख्याचा चिवटपणा दोन्ही घेऊन येतो. ऊर्जा दक्षता ब्यूरो ही संस्था केंद्राने २००१च्या ऊर्जा संवर्धन कायद्याखाली २००२मध्ये काढली. तिचा हिशेब असा की एसीचं तापमान एक अंशाने वाढवलं की सहा टक्क्यांच्या आसपास वीज वाचते. २०२०पासून नव्या एसींना कारखान्यातूनच चोवीस अंशांवर सुरू होण्याचं बंधन आलं. अठरावर लावून वर गोधडी पांघरणाऱ्यांनी चोवीस-पंचवीसवर लावून जोडीला पंखा हळू सोडावा. चादर पुरते.

ज्या ताऱ्यांचं स्टिकर पाहून आपण दुकानात निर्धास्त होतो, तेही याच ब्यूरोचं. पण गृहस्थांना तारे मोजता येत नाहीत. स्टिकरवर तारे ठळक असतात आणि खाली बारीक अक्षरांत वर्षाचे युनिट आणि कोणत्या साली तारे दिले ते छापलेलं असतं. तारे देण्याचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे जुन्या सालचा पाच ताऱ्यांचा फ्रिज नव्या निकषांत खाली घसरू शकतो. विकणारा तारे दाखवतो, आपण युनिट वाचावेत. दोन फ्रिजमधल्या वर्षाच्या युनिटांची वजाबाकी करून ती आपल्या बिलातल्या सर्वांत वरच्या दराने गुणली, की महाग फ्रिजचे जादा पैसे किती वर्षांत फिटतील ते दुकानातच कळतं.

सर्वांत वरच्या दराने का, हे समजायला गृहस्थांचं पत्र वाचावं लागतं. पत्र म्हणजे बिल. बहुतेक लोक त्यातले दोनच आकडे पाहतात, रक्कम आणि शेवटची तारीख. मधल्या रकान्यांत सगळी कथा असते. चालू रीडिंग, मागील रीडिंग, वजाबाकीने आलेले युनिट. मग स्थिर आकार, जो घर महिनाभर कुलूपबंद असलं तरी येतो. वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार. या सगळ्यावर राज्य सरकारचं वीज शुल्क, घरगुती ग्राहकांना सोळा टक्के. वीज आकाराचे टप्पे पाडलेले असतात: शंभर युनिटपर्यंत, एकशे एक ते तीनशे, तीनशे एक ते पाचशे आणि त्यापुढे. महावितरणच्या दरात पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यात गेली काही वर्षं दुपटीहून जास्त अंतर आहे.

इथे एक गैरसमज घराघरात नांदतो. शंभराचे एकशे एक झाले की सगळेच युनिट महाग होतात, असं लोक सांगतात. तसं होत नाही. पहिले शंभर पहिल्याच दराने आकारले जातात, फक्त वरचा एक महाग होतो. पण याचीच दुसरी बाजू आपल्या फायद्याची आहे. आपण वाचवलेला युनिट नेहमी वरच्या टोकाचा असतो. तीनशे वीस युनिटच्या घरात एक पंखा बदलून वीस युनिट वाचले, तर ते तिसऱ्या टप्प्यातले वीस जातात, पहिल्या स्वस्त शंभरातले नाहीत. म्हणून बिलाच्या रकमेला युनिटांनी भागून सरासरी दर काढायचा आणि ‘वाचवून कितीसे वाचणार’ म्हणायचं, हे गणित चुकतं.

पत्र कधी कधी अंदाजाने लिहिलेलंही येतं. दार बंद, पेटीला कुलूप, रीडिंग घ्यायला आलेला माणूस परत गेला, की मागच्या वापराची सरासरी लागते. याचा मोठा धडा राज्याने २०२०च्या टाळेबंदीत घेतला. रीडिंग बंद पडलं, थंडीच्या महिन्यांच्या सरासरीवर बिलं गेली, आणि लोक तर भर उन्हाळ्यात चोवीस तास घरात पंख्याखाली. जूनमध्ये खरं रीडिंग झालं आणि तीन महिन्यांचा फरक एकदम अंगावर आला. गावोगाव ओरड झाली, वीज कार्यालयांसमोर रांगा लागल्या. ज्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात दर महिन्याचा आकडा लिहिलेला होता, त्यांना निदान आपलं बिल खरं की खोटं हे घरबसल्या पडताळता आलं.

गृहस्थांच्या घराण्याविषयी दोन शब्द. महाराष्ट्र राज्य झालं त्याच १९६० साली वीज मंडळ स्थापन झालं. २००५मध्ये त्याच्या कंपन्या झाल्या, त्यातली घरोघर वीज देणारी महावितरण. गावात अजूनही लोक ‘बोर्डात जाऊन येतो’ असंच म्हणतात. मुंबईत बेस्ट, टाटा, अदानी अशी निराळी नावं, पण मीटरचा स्वभाव सगळीकडे तोच. त्यांच्यापर्यंत येणारी वीज लांबून येते. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला उतरतं, चंद्रपूरला कोळसा जळतो, आणि तारांतून येता येता काही वीज वाटेतच उष्णता होऊन जाते. म्हणून घरात एक युनिट वापरला की तिकडे एकाहून जास्त तयार करावा लागतो. घरात वाचलेला युनिटही तिकडे एकाहून जास्तच वाचतो.

या गृहस्थांशी लबाडी करणारे पुष्कळ. बारीक भोक पाडून आत पट्टी सरकवून चकती अडवणारे झाले, मीटर तिरपं करणारे झाले, शेजारी चुंबक ठेवणारे झाले. मीटरला वळसा घालून थेट खांबावरच्या तारेवर आकडा टाकणारे तर सगळ्यांना ठाऊक आहेत. २००३च्या वीज कायद्याच्या १३५व्या कलमात या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही आहे. आकड्यावर माणसं मेलेलीही आहेत. उलट बाजूनेही सावध राहावं. आपला मेन स्विच बंद करून मीटरकडे पाहावं. तरीही ते मोजत असेल, तर मेनच्या आधी कुठेतरी वीज गळते आहे किंवा कुणीतरी आपल्या खात्यावर जगतं आहे. मेन चालू ठेवून घरातली सगळी बटणं बंद केली आणि तरी मोजणी चालू असेल, तर दोष आपल्या वायरिंगमध्ये. पहिल्या वेळी अर्ज द्यावा, दुसऱ्या वेळी वायरमनला बोलवावं. मीटरचाच संशय असेल तर शुल्क भरून त्याची तपासणी करून घेता येते.

आता जुन्या चकतीवाल्यांची पिढी संपत आली. नवे मीटर पांढरे, हलके, काचेआड काही फिरत नाही. एक तांबडा ठिपका लुकलुकतो. तीन हजार दोनशे वेळा लुकलुकला की एक युनिट, असं पुष्कळांच्या कपाळावर लिहिलेलं असतं. हे मीटर पळतं अशी तक्रार सर्वत्र आहे. बऱ्याच घरांत खरी गोष्ट अशी की जुने गृहस्थ वयोमानाने मंदावले होते. बेअरिंग घासलेलं, चकती जड, आणि पाच-दहा वॅटच्या वापराला तर ती हलायचीच नाही. नव्याला तेवढंही कळतं. जुन्यांचा हा विसराळूपणा आपण आपला हक्क समजून बसलो होतो.

त्याहून नवे ते स्मार्ट. त्यांचं रीडिंग घ्यायला कुणी येत नाही, ते आपलं आपण कळवतात. २०२४मध्ये प्रीपेड मीटरच्या बातमीने राज्यभर गदारोळ झाला आणि सामान्य ग्राहकांना प्रीपेड बसवणार नाही, असं सरकारला जाहीर करावं लागलं. पण या मीटरांना एक जादा विद्या येते, घड्याळाची. किती वॅट, किती तास, याच्या जोडीला ते केव्हा असं विचारतात. २०२५पासून महावितरणच्या स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळातल्या वापरावर सवलत सुरू झाली, कारण सौरऊर्जा त्याच वेळी मुबलक असते. ज्यांच्याकडे हे मीटर आहे त्यांनी वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर आणि इस्त्री रात्रीऐवजी दुपारी लावावी. काम तेवढंच, पैसे कमी.

छतावर सौर पॅनेल बसले की गृहस्थांना दोन वह्या ठेवाव्या लागतात, आलेल्या विजेची एक आणि गेलेल्या विजेची दुसरी. गंमत अशी की जुनी चकती हे काम नकळत करायची, वीज उलटी वाहिली की ती उलटी फिरायची. एक किलोवॅटच्या पॅनेलमधून दिवसाला चारएक युनिट मिळतात, पावसाळ्यात कमी. फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला तीस हजार, दोनला साठ हजार आणि तीन व त्याहून जास्त किलोवॅटला अठ्ठ्याहत्तर हजार रुपये अनुदान आहे. मात्र गीझर रात्रंदिवस चालू ठेवून त्याच्यासाठी पॅनेल वाढवत बसणं, ही गळक्या टाकीवर मोठा पंप बसवण्याची युक्ती झाली. आधी वापर उतरवावा, मग उरलेल्या वापरापुरते पॅनेल मोजावेत.

तात्पर्य असं, की काटकसर मनाच्या समाधानासाठी करायची असेल तर कुठलाही दिवा मालवावा. पैशासाठी करायची असेल तर या गृहस्थांचं मत घ्यावं. ते फुकट मिळतं. येत्या एक तारखेला मीटरचा आकडा कॅलेंडरवर लिहा आणि दर महिन्याला लिहीत राहा. एका रात्री सगळं बंद करून तो तांबडा ठिपका थांबतो का ते पाहा. घरातला सर्वांत जास्त फिरणारा पंखा कोणता ते ठरवा. आणि अभ्यासाच्या खोलीत दिवा चालू राहिला म्हणून पोरावर ओरडण्याआधी बाथरूमबाहेरचं गीझरचं बटण बघून या.